पाहुण्याची टोपी

आमच्या गावच्या जत्रेत कबड्डीचे सामने असतात आणि त्या सामन्यांत माइक माझ्या हातात असतो. अठरा वर्षं झाली. हे काम मला कुणी दिलं नाही, मी ते घेतलं. माझ्या आधी एक गुरुजी बोलायचे. ते इतकं शुद्ध बोलायचे, की गडी बाद होऊन, पाणी पिऊन, पाय चोळत बसला तरी त्यांचं वाक्य चालूच. एका वर्षी त्यांचा घसा बसला, मी माइक उचलला आणि परत खाली ठेवला नाही. बायको म्हणते, घरात कुणी ऐकत नाही म्हणून हा माणूस गावाला ऐकवतो. खोटं नाही ते.

गाव म्हणायची आमची आपली सवय. निगडीच्या पुढे, देहूच्या अलीकडे आहोत आम्ही, आणि शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहून जमाना झाला. मंदिर आणि शाळेमागचं मैदान तेवढं शाबूत आहे. जत्रेत बाराव्या मजल्यावरचे लोक बाल्कनीत खुर्च्या टाकून सामने बघतात. माझ्या भोंग्याविरुद्ध दर वर्षी एक तक्रारअर्ज जातो आणि अर्जावर सह्या करणारेच अंतिम सामन्याला खाली उतरून पुढच्या रांगेत बसतात.

माइकवर मी दोन रिवाज कडक पाळतो. पाहुणा संघ मैदानात आला, की त्यातल्या प्रत्येकाला टोपी, उपरणं आणि नारळ. हा पाहुण्यांचा मान, तो बाहेरगावच्यांनाच. आपल्या पोरांना टोपीबिपी काही नाही. त्यांची ओळख मी आजोबांवरून करून देतो. अमक्या आळीतल्या अमक्या पैलवानाचा नातू, असं म्हटलं, की म्हातारी माणसं माना डोलावतात आणि पोरगं दोन इंच उंच होतं.

ज्याची ही गोष्ट, तो आमच्या संघाचा वाघ पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा मी इथंच अडकलो, कारण त्याला सांगण्यासारखे आजोबा नव्हते. म्हणजे होते, पण लातूरकडच्या कुठल्याशा वाडीत. हा चार वर्षांचा असताना आई-बापाबरोबर आमच्याच खोल्यांत भाड्यानं राहायला आला. बाप भोसरीत एका कारखान्यात कंत्राटावर, आई कंपन्यांतल्या पोरांना डबे करून द्यायची. पोरगं मैदानातच वाढलं. आमच्या वस्तादांनी त्याला हेरलं. वस्ताद तरुणपणी कुस्ती करायचे, आता म्हशी आणि कबड्डीचा संघ सांभाळतात. दोन्हींना ते एकाच आवाजात हाका मारतात.

तर सतरा वर्षांचं ते पोरगं मांडीवर थाप मारून रेषेवर उभं, सगळ्यांच्या ओळखी झालेल्या, आणि माझ्या तोंडाला कुलूप. मग जे सुचलं ते बोलून गेलो, "आणि हा... आपल्या गावचा लेक!" त्या दिवशी त्यानं एका चढाईत तिघांना बाद केलं. तिघांनी पाय धरलेला असताना हात लांबवून, बोटाच्या पेरानं मधली रेषा गाठली. तेव्हापासून त्याची ओळख तीच. मी "आपल्या गावचा" म्हणायचं आणि मैदानानं "लेक!" म्हणून गर्जायचं. सात वर्षं आमचा संघ त्याच्या मांड्यांवर उभा होता. भाडेकरूचं पोरगं म्हणणारे त्याचे फोटो लावून फ्लेक्स छापायला लागले. त्या फ्लेक्सवर त्याच्यापेक्षा शुभेच्छुकांची तोंडं मोठी असायची हा भाग वेगळा.

आणि गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो आम्हांला सोडून गेला.

गेला म्हणजे कुठे, तर चाकणच्या एका कंपनीच्या संघात. कंपनीनं त्याला खेळाडू म्हणून घेतलं, पर्मनंट केलं. कंपनीकडून खेळायचं तर गावाकडून खेळता येत नाही. आणि कंपनी कुठली? जिथं मी बावीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे, तीच. मला हे कळलं कसं, तर नोटीस बोर्डावर. जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन येत होतो, बोर्डावर बघतो तर हा निळ्या जर्सीत हसतोय. खाली लिहिलेलं, 'आपल्या परिवारात स्वागत'.

गाव पेटलं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून त्याला काढलं, मग कुणीतरी परत घेतलं, कारण काढलेल्या माणसाला शिव्या वाचता येत नाहीत. गद्दार हा शब्द सध्या आपल्याकडे स्वस्त आहेच, तो रोज पंचवीसदा यायचा. चौकातल्या जुन्या फ्लेक्सवरचा त्याचा चेहरा ब्लेडनं कापून काढला, तर लोक त्या भोकात आपलं डोकं घालून फोटो काढायला लागले. वस्तादांनी एक फ्लेक्स गोठ्यावर अंथरला होता. त्यावर तो सात फुटी उभा, मांडीवर थाप मारताना. तरुण मंडळी तो उतरवायला गेली तेव्हा वस्ताद काठी घेऊन उठले.

"हात लावाल तर बघा. म्हस काय रुसलेली न्हाई त्याच्यावर. तिला सावली लागती."

सगळ्यांत जास्त राग मला आला होता. कारणं मी गावाची सांगायचो, गावाचं मीठ, गावाची माती वगैरे. माइकवाल्याला शब्दांची काय कमी! पण खरं कारण एकच होतं. त्यानं मला सांगितलं नाही. ज्या तोंडानं त्याला गावचा लेक केला, त्या तोंडात एक पेढासुद्धा पडला नाही. एवढंसं होतं, पण ते मला जेवू देत नव्हतं.

आता कंपनीच्या बसचं सांगतो. ही बस निगडीहून भरत येते, आमच्या फाट्यावर थांबते आणि तळवडे, महाळुंगे करत चाकणला जाते. बसमध्ये जागा कुणाच्या नावावर नसतात आणि तरीही असतात. डावीकडची तिसरी खिडकी माझी. बावीस वर्षांत तिथं दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. माझ्या शेजारी बसणारा माणूस त्याच दिवाळीत रिटायर झाला होता, म्हणून अख्ख्या बसमध्ये तेवढी एकच जागा रिकामी. पहिल्या दिवशी हा पठ्ठ्या नवीन युनिफॉर्म घालून, भांग पाडून बसमध्ये चढला आणि हसत थेट माझ्याकडे आला.

मी डब्याची पिशवी उचलली आणि शेजारच्या जागेवर ठेवली.

तो दोन क्षण पिशवीकडे बघत राहिला. मग "बरं काका" म्हणाला आणि दाराजवळ दांडी धरून उभा राहिला. ट्रॅफिकची कृपा अशी, की आमच्या फाट्यावरून चाकण म्हणजे सव्वा तास, आणि कंटेनर आडवा झाला तर दोन. पोरगं रोज उभं. बसमधले आमच्या गावचे सगळे माझ्या पिशवीकडे अभिमानानं बघायचे. ड्रायव्हर एकदा म्हणाला, "अहो, पिशवी मांडीवर घ्या की राव, तिला काय तिकीट आहे का?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. असे चार महिने गेले. उभं राहून त्याच्या मांड्या आणखी भरल्या, एवढाच त्या बहिष्काराचा परिणाम.

चैत्र लागला, जत्रा आली. दर वर्षी आम्ही एका तगड्या संघाला बोलावतो. या वेळी कमिटीतल्या कुणीतरी आधीच कंपनीच्या संघाला बोलावून ठेवलेलं आणि कंपनीनं होकार कळवलेला. झालं! मंदिरात बैठक बसली. हा मैदानात आला की काय करायचं? कुणी म्हणे शिट्ट्या मारू, कुणी म्हणे पाठ फिरवून बसू, एकानं चपलांचाही विषय काढला. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणालो, "असलं काही करायचं नाही. आपण त्याचा मान करायचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"टोपी, उपरणं, नारळ. माइकवरून नाव घेऊन. सन्माननीय पाहुणे म्हणून. परत कधी या म्हणावं आमच्या गावाला."

मग एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. "भावा, हे भारी आहे. आयुष्यभर लागेल त्याला." आमच्याइतका सभ्य अपमान जिल्ह्यात कुणी केला नसेल. बारा खेळाडूंच्या बारा टोप्या मोजून आणायचं ठरलं. वस्ताद तेवढे खांबाला टेकून बसले होते. उठताना म्हणाले, "धोंडा मारला असता तर बरं झालं असतं. त्ये भरून येतं." मी हसलो. मला माझी युक्ती फारच आवडली होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याची आई घरी आली. त्यांनी आता आमची खोली सोडून पलीकडच्या सोसायटीत वन बीएचके घेतलाय, तरी सणावाराला ती आमच्याकडे येते. माझ्या बायकोच्या हातात धपाट्यांचा डबा दिला आणि मला म्हणाली, "भाऊ, उद्या मी समोर बसणार हाय. पयल्या रांगेत."

मी म्हणालो, बसा की.

"न्हाई, तुम्हाला सांगितलेलं बरं. लेकरू सात वर्सं खेळलं इथं, मी एकदाबी बगितलं न्हाई. जत्रेच्या टायमाला डब्याची गडबड, कुठं जावं? चुलीपाशी उभी राहून पोळ्या लाटायचे आन तुमचा भोंगा ऐकायचे. तुमी मनला गावचा लेक, की मला कळायचं, आता ह्यो निगाला. तुमी मनला आला, की मी तव्यावरली पोळी उलटायचे. तुमच्या आवाजानंच बगितलंय मी त्याला. उद्या डबे बंद ठिवले. तुमी मनताना त्याचं त्वांड बगायचंय."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. टोप्यांचं तिला माहीत होतं.

मी विषय बदलायला गेलो आणि नको तेच विचारून बसलो. "तो कंपनीत लागला, मला बोलला का नाही?"

"बोलणारच होता की. मीच मनले जाऊन सांग, पेढे दे. तर मनला, आता न्हाई सांगत. पयल्या दिवशी बसमदी काकाच्या शेजारी जाऊन बसतो, युनिफॉर्म घालून. काकाचं त्वांड बघन मनला." ती हसली. "त्याचा बाप वीस वर्सं कंत्राटावर. दर सात महिन्याला बिरेक, मंजी घरी बसवायचे. आमच्या घरातला पयला पर्मनंट. पेढ्याचा पुडा पिशवीत घिऊन गेलता त्या दिवशी. संध्याकाळी तसाच घरी आला. मनला, काकाच्या शेजारी जागा नव्हती."

त्या रात्री धपाटे उत्तम झाले होते असं बायको म्हणाली. मला चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मैदान भरलं. बाल्कन्या भरल्या. पहिल्या रांगेत त्याची आई बसलेली, मोरपंखी साडी, पदर दोन्ही हातांनी धरलेला. टेबलावर बारा टोप्या, बारा उपरणी, बारा नारळ. कमिटीवाले एकमेकांना कोपरानं ढोसत होते. आता ठरलेलं मोडायचं म्हणजे माझीच युक्ती मला गिळायला लागणार होती, तीही गावासमोर. आणि न मोडावी तर पहिली रांग समोर होती. मी अकरा पाहुण्यांची नावं घेतली. अकरा टोप्या बसल्या, अकरा नारळ दिले गेले, टाळ्या पडल्या. बारावा तो.

तो पुढे आला. त्याला कळलं होतं. टेबलावरची एकुलती टोपी बघितल्यावर कुणालाही कळलं असतं. हा रिवाज त्यानं माझ्याच तोंडून लहानपणापासून ऐकलेला. त्यानं मान खाली घातली आणि टोपीसाठी डोकं पुढे केलं.

मी माइक तोंडाशी नेला. माइक हातात असून मी गप्प. भोंगेवाल्याला वाटलं वायर सुटली. तो धावत आला, माझ्या हातातला माइक ठोकून "हॅलो, चेक, चेक" म्हणाला आणि चालू आहे की, असं तोंड करून परत गेला. लोक हसले. त्याच्या आईनं मात्र माझ्या तोंडावरची नजर काढली नाही.

"टोपी खाली ठेवा," मी म्हणालो. भोंग्यातून ते सगळ्या सोसायट्यांना ऐकू गेलं. "ही युक्ती माझी होती. चुकली. ह्याला टोपी नाही. हा आज समोरच्या बाजूनं खेळणार आहे, आपल्याला धुणार आहे, तरीपण हा... आपल्या गावचा..."

एक क्षण काही नाही.

मग गोठ्यावरून म्हशींना हाक मारावी तसा वस्तादांचा आवाज आला. "लेक!" आणि मागोमाग सगळं मैदान, बाल्कन्या, जिने, पाण्याच्या टाकीवर चढलेले, सगळे. सर्वांत मोठ्यानं ओरडणारे कोण होते सांगू? ब्लेड घेऊन फ्लेक्स कापणारे. आपली माणसं अशीच आहेत. राग चार महिने धरतात आणि विसरायला एक आरोळी पुरते.

गोंधळात कमिटीतला एकजण ओरडला, "अहो, पण मोजून बारा आणल्यात! ह्या एका टोपीचं काय करायचं?"

आमच्या वाघानं ती टोपी उचलली, माझ्यासमोर आला आणि माझ्या डोक्यावर ठेवली. खांद्यावर उपरणं टाकलं, हातात नारळ दिला. माइक माझ्या तोंडाशी होता, त्यामुळे तो जे बोलला ते सगळ्यांनी ऐकलं.

"पाहुणे तर काकाच आहेत. माझ्या आधी बावीस वर्षं गाव सोडून चाकणला गेलेत."

मैदान जे हसलं, ते मी आजवर माझ्या कुठल्याही विनोदाला हसलेलं ऐकलं नाही. हसणारे निम्मे तरी कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या युनिफॉर्मचे शर्ट घालूनच बसले होते. माझी बायको डोळे पुसत होती, हसून हसून. मी टोपी डोक्यावर नीट बसवली. फार आनंद झाला होता मला.

सामना मी टोपी घालूनच बोललो. त्यानं आमची दाणादाण उडवली. पहिल्या दहा मिनिटांत आमचं अख्खं मैदान रिकामं केलं. ज्या पोरांना त्यानंच पकड शिकवली, ती त्याच्या अंगावर झेपावायची आणि हातात जर्सीची सुरकुतीसुद्धा यायची नाही. मी प्रत्येक गुण घसा फुटेस्तोवर सांगितला. गाव हरत होतं आणि गावच टाळ्या वाजवत होतं. शेवटी एकदा आमच्या चौघांनी मिळून त्याला पाडलं, तेव्हा वस्ताद रेषेवर नाचले. मी विचारलं, वस्ताद, तुम्ही कुणाच्या बाजूचे? ते म्हणाले, "त्यो माझा, पाडनारी बी माझी. माझं काय जातंय?"

सामना संपल्यावर मी पहिल्या रांगेकडे गेलो. त्याची आई अजून तिथंच बसलेली. विचारलं, "काय, बघितलं का शेवटी?"

ती लाजली. "न्हाई ओ भाऊ. तुमी गावचा लेक मनला तवा त्याचं त्वांड बगितलं, तेवढंच. पुढं चौघंचौघं अंगावर पडायले, बगवंना गेलं. डोळे मिटून घेतले. ऐकलं सगळं."

जत्रेनंतरचा सोमवार. सकाळी फाट्यावर बस आली. मी चढलो, माझ्या खिडकीशी बसलो. मागून तो चढला आणि सवयीनं दाराजवळच्या दांडीकडे वळला. मी डब्याची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि हॉर्न वाजवला, समोर रस्त्यावर कुणी नसताना.

तो आला. युनिफॉर्म एव्हाना जुना झाला होता. त्यानं बॅगेतून पेढ्यांचा पुडा काढला. नवीन होता, माझ्या देखत दोरा तोडला त्यानं.

"काका," तो म्हणाला, "पहिल्या दिवशी..."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. तोंडात पेढा होता म्हणून बरं झालं, जास्त बोलावं लागलं नाही. मग मी उठलो आणि त्याला आत सरकवून खिडकीची जागा दिली.

बस तळवड्याला पोचायच्या आत तो काचेला डोकं टेकून झोपला. जाताना आता ती खिडकी त्याची असते. येताना मात्र माझी, हे मी त्याला बजावून ठेवलं आहे.